सणाचे मांस : तव्यावर भाजावे कसे व वाटून खावे कसे

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात माता-भगिनी व तरुण मंडळी ह्यांच्या संयुक्त सभेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने श्रद्धा, आशा व प्रीती ह्या विषयांवर बोलावे अशी रीत आहे, आणि ती रीत मोडावी असा आमचा हेतू नाही. तथापि आज आम्ही ज्या गोष्टीवर बोलावयास उभे राहिलो आहोत ती ऐकून आपणांपैकी कित्येकांस हसू आल्याशिवाय राहणार नाही. आमचा विषय आहे मांसाचा जाड काप घरच्या तव्यावर नीट कसा भाजावा हा. ज्याला शहरातील उपाहारगृहांत ‘स्टेक’ असे म्हणतात तोच हा पदार्थ.

हा विषय आम्ही आपल्या मनाने काढलेला नाही. गेल्या नाताळानंतर आपल्या धर्मग्रामातील एक माता आमच्याकडे आली. तिचा मुलगा परगावी एका मोठ्या उपाहारगृहात नोकरीस आहे. तो सणाला घरी आला व म्हणाला, “आई, रस्सा नेहमीच असतो, ह्या खेपेस तव्यावर जाड काप भाज.” माउलीने हौसेने मांस आणविले, मसाला लाविला, तवा चढविला, आणि शेवटी पानात पडले ते चामडे! मुलगा मुकाट्याने जेवला. तो काही बोलला नाही हेच तिला अधिक लागले. आमच्यापुढे बसून ती म्हणाली, “फादर, दोन आठवड्यांची भाजी ज्यात आली असती एवढा पैसा त्यात घातला. चुकले तरी कुठे, ते कोणी सांगेना.”

बंधुभगिनींनो, ज्या घरी मांस आठवड्यास एकदा, किंवा महिन्यास एकदाच शिजते, त्या घरी ते बिघडणे ही थट्टेची गोष्ट नव्हे. त्यात कष्टाचा पैसा आहे, एका जनावराचा जीव आहे आणि आईची आशा आहे. म्हणून तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सर्वांसमोर द्यावयाचे ठरविले. कोणी म्हणेल की, धर्मगुरूस चुलीची काय माहिती? त्यास आमचे उत्तर असे की, सेमिनरीत असताना सुट्टीच्या दिवशी आम्हां विद्यार्थ्यांवर स्वयंपाकघराची पाळी येत असे, आणि तेथे आम्ही जे शिकलो ते बहुतेक स्वतःच्या चुकांवरूनच शिकलो.

त्यांपैकी एक चूक प्रथम सांगून टाकतो. एका सणाच्या दिवशी पाहुणे यावयाचे होते. आम्ही बारा काप पाण्याने स्वच्छ धुतले आणि वेळ वाचावा म्हणून ओलेच्या ओले एकाच मोठ्या तव्यात दाटीवाटीने मांडले. क्षणभर चर्र असा आवाज झाला, मग तो बंद पडला. तव्यात पाणी सुटले आणि मांस त्यात बुडबुडू लागले. पाऊण घटकेने जे निघाले ते राखेच्या रंगाचे, कडक व बेचव होते. गोव्याकडचा एक वृद्ध आचारी तेथे होता. तो रागावला नाही, इतकेच म्हणाला, “ब्रदर, हे भाजले नाही, हे उकडले.” ह्या एका वाक्यात सारे शास्त्र आहे; पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते त्याचेच विवरण समजावे.

आता मांस कोणते घ्यावे, ह्याचा विचार करू. ‘स्टेक’ हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडील जुन्या नॉर्स भाषेतून आला व त्याचा मूळ अर्थ सळईवर भाजणे असा आहे. म्हणजे त्या शब्दाने भाजण्याची रीत सांगितली आहे, जनावराची जात सांगितलेली नाही. पाश्चात्त्य देशांत हा काप बहुधा गोमांसाचा असतो. आपल्या राज्यात तो प्रश्नच उरलेला नाही. गायीच्या कत्तलीस १९७६ सालच्या कायद्याने बंदी होती, आणि त्या कायद्यातील दुरुस्ती ४ मार्च २०१५ पासून अमलात आल्यावर बैल व वळू ह्यांनाही तीच बंदी लागू झाली. म्हशीच्या मांसास मात्र, अधिकाऱ्याने जनावर तपासून दाखला दिला असेल तर, परवानगी आहे. सबब मोठ्या शहरात परवानाधारक दुकानातून कोणी म्हशीचे ‘अंडरकट’ आणले तर तो काप कायदेशीर आहे व तव्यासाठी उत्तमही आहे. परंतु ज्याचा दाखला नाही, जे कोठून आले हे विक्रेता सांगत नाही, असे मांस स्वस्त मिळते म्हणून घरात आणू नये. कायदा पाळणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहेच. शिवाय न तपासलेल्या जनावराचे मांस आरोग्यासही घातक असते.

आम्हां कुरुंद्याच्या लोकांस मात्र दूर जावयाचे कारण नाही. आपल्या मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी सर्व देशात नावाजलेली आहे. बहुधा काळी, उंच पायांची, दुष्काळी माळावर काटेरी झुडपे खाऊन जगणारी आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी अशी ही शेळी कित्येक गरीब घरांची बँकच होय. तिचा कोवळा बोकड, वर्षाच्या आतला, तव्यावर भाजण्यास योग्य असतो. म्हाताऱ्या बोकडाचे मांस चवीस चांगले, परंतु ते रश्श्यासाठी ठेवावे.

हा भेद का, ते समजून घ्या. जनावराचे जे स्नायू फार राबतात, जसे मान, खांदा व नळीजवळचा भाग, त्यांत चिवट तंतूंचे जाळे दाट असते. ते जाळे विरघळण्यास मंद आच, ओलावा आणि दीड-दोन तासांचा अवधी लागतो. मग त्याचाच चिकट, गोड रस होतो. रविवारच्या रश्श्याला जी गोडी येते ती ह्यामुळेच. तव्यावरील दहा मिनिटांत हे होणे नाही. उलट पाठीच्या कण्यालगतचा भाग थोडा राबतो, म्हणून तो मऊ असतो. म्हशीचे अंडरकट कण्याच्या आतल्या बाजूचे असते आणि बोकडाचा चाप बरगडीजवळचा असतो. हे दोन्ही तव्याला चालतात. बोकडाच्या मांडीचा आडवा, बिनहाडाचा कापही चालतो, परंतु तो किंचित चिवट लागतो. आपल्या माउलीने आणले होते ते खांद्याचे मांस. पहिली चूक येथे झाली. ती तिची चूक नव्हे. तिला कोणी सांगितलेच नव्हते. खाटकाकडे जाऊन ‘अर्धा किलो मटण द्या’ एवढेच म्हणू नका. ‘तव्यावर भाजावयाचे आहे, कोवळ्या बोकडाचे चाप किंवा मांडीचा काप एक इंच जाडीचा द्या,’ असे स्पष्ट सांगा. काप पातळ असला तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून वाळून जातो.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. खेड्यात रविवारी सकाळी बोकड कापतात व दुपारी खातात. परंतु जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात, आणि मग मांसातील स्वाभाविक पाचक द्रव्यांमुळे ते हळूहळू पुन्हा सैल पडतात. ताठरलेल्या अवस्थेत भाजलेले मांस कडकच लागणार. रश्श्यात ही उणीव झाकते. तव्यावर ती उघडी पडते. म्हणून मांस शनिवारी आणावे व रात्रभर शीतकपाटात, म्हणजे फ्रिजमध्ये, ठेवावे. ऊन ऊन मांस आणल्याबरोबर बर्फाच्या कप्प्यात मात्र टाकू नये, त्याने स्नायू अधिकच आखडतात. आणि आपल्याकडील वैशाखातील उन्हाळ्यात मांस बाहेर तासाभराहून अधिक ठेवू नये.

मांस आणल्यावर ते स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने टिपून कोरडे करावे. अर्धा किलोस चहाचा सपाट चमचाभर मीठ दोन्ही बाजूंस चोळावे आणि ताटलीत, झाकण न घालता, फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी इतर अन्नावर गळणार नाही. मीठ प्रथम पाणी बाहेर ओढते, आणि तेच खारे पाणी काही वेळाने मांसात परत मुरते. ह्याला निदान पाऊण तास लागतो. रात्रभर मिळाल्यास फार उत्तम. एवढा वेळ नसेल तर तव्यावर घालण्याच्या क्षणी मीठ लावावे. मधल्या वेळी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे आधी लावून ओलेच तव्यात घालणे, हे सर्वांत वाईट. मांडीचा काप असेल तर कच्च्या पपईचा कीस चमचाभर घेऊन अर्धा तास लावावा व पुसून काढावा. पपईतील द्रव्य मांसाचे तंतू तोडते. परंतु रात्रभर ठेवल्यास वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो. आपल्या रानात पपई मुबलक आहे म्हणून ती ओंजळीने घालू नये.

आता तव्याकडे येऊ. तवा जाड हवा. आपल्या आजीबाईंचा बिडाचा तवा माळ्यावर पडला असेल तर तो खाली काढा; ह्या कामास त्याच्यासारखा दुसरा नाही. बीड एकदा तापले म्हणजे उष्णता धरून ठेवते आणि थंड मांस पडले तरी एकदम निवत नाही. जाड लोखंडी तवाही चालेल. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी मात्र ह्या कामास घेऊ नयेत. फार तापल्यास, सुमारे २६० अंशांपुढे, तो लेप विघटित होऊन अपायकारक वाफा सोडतो.

तवा मध्यम-मोठ्या आचेवर पाच मिनिटे तापू द्यावा. पाण्याचा थेंब टाकला असता तो पसरून चिकटून बसला तर तवा थंड आहे. तो गोळी होऊन इकडून तिकडे नाचू लागला म्हणजे तवा तयार झाला असे समजावे. पाणी पूर्ण उडाल्यावरच तेल घालावे. तेल शुद्ध केलेले करडईचे किंवा शेंगदाण्याचे, दोन चमचे पुरे. खिडकी उघडी ठेवा, कारण धूर होणारच.

येथे वृद्ध आचाऱ्याच्या वाक्याचा अर्थ उलगडतो. पाणी १०० अंशांवर उकळते, आणि जोवर मांसाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो पृष्ठभाग त्याहून फारसा तापू शकत नाही. परंतु भाजल्याचा तो तांबूस-तपकिरी रंग, तो खमंगपणा, सुमारे १४० अंशांच्या पुढेच झपाट्याने येतो. मांसातील प्रथिने व शर्करा ह्यांच्या संयोगाने तो उत्पन्न होतो. लुई-कामीय माय्यार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ह्या क्रियेचे वर्णन केले व तिला त्याचेच नाव पडले. भाकरीचा पापुद्रा जेथे जेथे डागाळतो तेथे तेथे जो वास सुटतो तो ह्याच क्रियेचा. ओला काप, थंड तवा किंवा तव्यात दाटी, ह्यांपैकी एक जरी झाले तरी मांस भाजत नाही, उकडते. म्हणून एका वेळी दोनच काप, आणि त्यांमध्ये चार बोटांचे अंतर.

एक जुना गैरसमजही येथे दूर करू. मोठी आच दिल्याने मांसाची छिद्रे बंद होतात व रस आत कोंडला जातो असे पुष्कळ सांगतात. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग ह्या नामांकित जर्मन रसायनज्ञाने हे मत मांडले, म्हणून ते पसरले. परंतु पुढे मांसाचे वजन करून पाहिल्यावर ते टिकले नाही. मोठी आच चवीसाठी व रंगासाठी असते. रस टिकतो तो वेळीच उतरविल्याने. मांस आतून ६५ ते ७० अंशांच्या पुढे गेले म्हणजे त्याचे तंतू पिळलेल्या फडक्यासारखे आवळतात व रस बाहेर फेकतात. आपल्या माउलीने काप ‘नीट शिजावा’ म्हणून पाऊण तास झाकण घालून ठेवला होता. झाकणाने वाफ कोंडली, पापुद्रा गेला, रसही गेला, आणि खांद्याचे चिवट तंतू विरघळण्याइतका वेळही मिळाला नाही. म्हणजे रश्श्याचा गुण नाही आणि भाजण्याचाही नाही!

काप तव्यावर ठेवल्यावर दीड मिनिट त्यास हात लावू नये. चिकटला असेल तर ओढू नये; रंग आला की तो आपण होऊन सुटतो. मग उलटावा, आणि पुढे दर मिनिटास उलटीत जावे. एकदाच उलटावा असा जो दंडक कित्येक सांगतात त्याची गरज नाही. वारंवार उलटल्याने उष्णता दोन्हीकडून सारखी शिरते. पहिला रंग आला की आच मध्यम करावी. एक इंच जाडीच्या कापास एकंदर आठ ते दहा मिनिटे लागतात. शेवटच्या दोन मिनिटांत चमचाभर लोणकढे तूप, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या व चार मिरे तव्यात टाकावे आणि ते तूप चमच्याने कापावर ओतीत राहावे. मसाला व हळद आधी लावू नये. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ह्याचा आपणां सर्वांस अभिमान आहे; परंतु कितीही उत्तम हळद असली तरी धुमसत्या तव्यावर ती करपते व कडवटते. माउलीच्या मसाल्याचे तेच झाले. हळद घालावयाचीच तर शेवटच्या तुपात चिमूटभर घालावी.

किती भाजावे? ह्याबाबत आम्हांस गंभीरपणे बोलावयाचे आहे, कारण येथे चवीबरोबर प्राणाचाही प्रश्न आहे. पाश्चात्त्य लोक आतून लाल असलेला काप आवडीने खातात. तो लाल रस रक्त नव्हे. मांसातीलच एका तांबड्या प्रथिनाने पाणी रंगते. अखंड कापात रोगजंतू बहुधा पृष्ठभागावरच असतात व तेथे ते जळून जातात, हे खरे. परंतु आपल्याकडे जनावराची तपासणी सर्वत्र होतेच असे नाही, आणि काही परोपजीवी कृमी मांसाच्या आतही असतात. म्हणून आतील उष्णता निदान ६३ अंश व्हावी आणि नंतर तीन मिनिटे तरी मांस तसेच ठेवावे, हा नियम पाळावा. ह्यासाठी अन्नात खुपसावयाचा उष्णतामापक मिळतो. चारपाच घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल. तो नसेल तर काप मधोमध किंचित चिरून पाहावा. आत लालसर ओलेपणा न राहता फिकट गुलाबी छटा दिसली म्हणजे उतरवावा. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध व आजारी ह्यांच्यासाठी गुलाबी छटाही ठेवू नये. खिम्याचे मांस व डुकराचे मांस आपल्या भागात पूर्ण शिजवूनच खावे. खिम्यात पृष्ठभागावरील जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात आणि मोकाट डुकराच्या मांसातील कृमी मनुष्याच्या आतड्यांत वाढतात. कच्च्या मांसाची सुरी व पाट धुतल्यावाचून कांदा चिरू नये, हे सांगावयास नकोच.

आता काप तव्यावरून उतरला. येथे बहुतेक सर्वांची, आणि आमचीही, शेवटची चूक होते : तो लगेच कापतात. कापल्याबरोबर सारा रस ताटलीत वाहतो. पाच मिनिटे थांबा. तेवढ्यात बाहेरची उष्णता आत सरकते, आतील रस किंचित दाट होतो आणि मग सुरी लावली तरी तो मांसातच राहतो. त्यानंतर तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत ते पाहून त्यांच्या आडवे, बोटाएवढे रुंद काप करावे. आडवे कापल्याने तंतू आखूड होतात व दातांस श्रम पडत नाहीत.

बंधुभगिनींनो, ह्या पाच मिनिटांसाठीच आम्ही आज एवढे बोललो आहोत. उपाहारगृहात हा पदार्थ माणशी एक असा देतात. घरी तसे करू गेल्यास काय होते ते पाहा. प्रत्येक काप गरमच खावयाचा, म्हणून घरधनी बसतो, मुलगे बसतात, पाहुणे बसतात आणि आई शेगडीपाशी उभी राहून एकेक काप पोहोचविते. सर्वांचे झाल्यावर ती बसते तेव्हा तिच्या वाट्यास थंड झालेला, तुटका तुकडा उरतो. कधी तोही उरत नाही. आम्ही घरोघरी जातो तेव्हा हे पाहतो. आणि सांगावयास लाज वाटते, परंतु सर्वांत मोठा व मऊ तुकडा कोणाच्या पानात पडतो? आमच्या! ‘फादर आले आहेत’ म्हणून मुलांच्या पानातला उचलून आमच्या पानात घालतात, आणि आम्ही कित्येक वर्षे तो मुकाट्याने खाल्ला आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली याजकाच्या दोन मुलांची कथा आहे. लोक देवाला अर्पण करण्यास आले की ह्या याजकांचा चाकर हाती तीन दातांचा काटा घेऊन येई. शिजलेले मांस आम्हांस नको, भाजण्यासाठी कच्चेच दे, नाही तर बळाने घेईन, असे तो म्हणे. देवाचा भाग देवास पोहोचण्यापूर्वीच ते आपला भाग घेत, आणि देवाच्या दृष्टीने हे पाप फार मोठे झाले असे शास्त्र सांगते. ही कथा वाचताना आमच्या मनास चटका बसतो. भाजलेले मांस आवडणे हे पाप नव्हे. चांगला तुकडा आपलाच आहे असे धरून चालणे, हे पाप होय. ते याजकास लागू आहे आणि प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषासही लागू आहे.

म्हणून आमची सूचना अशी. माणशी एक काप करू नका. चौघांच्या कुटुंबास अर्ध्या किलोचे दोन जाड काप पुरेत. दोन्ही एकदम भाजा, एकदम उतरवा व परातीत घालून मधोमध ठेवा. शेगडी विझवा. मग त्या पाच मिनिटांत जिने भाजले तिने हात धुऊन पानावर येऊन बसावे. भाकऱ्या, कांदा व लिंबू आधीच वाढलेले असावे. सर्वांनी मिळून जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणावी. घाई न करता ती म्हटली आणि त्या दिवसाबद्दल देवाचे दोन शब्दांनी आभार मानले की पाच मिनिटे सहज होतात. मांसाला जी विश्रांती हवी तीच आईलाही मिळते. त्यानंतर घरच्या मुलाने काप चिरावे आणि पहिला वाटा आईच्या पानात घालावा. आम्ही त्या दिवशी पाहुणे असलो तर आमचा वाटा सर्वांच्या इतकाच असावा, त्याहून बोटभरही मोठा नसावा.

दोन शब्द शेजाऱ्यांविषयी. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ व नरसी नामदेव ही क्षेत्रे आहेत. आपल्या भिंतीला भिंत लागून माळकरी कुटुंबे राहतात. त्यांच्या सुखदुःखात आपण जातो, आपल्या मयतीस ते खांदा देतात. आपल्या अन्नाने भाऊ अडखळत असेल तर आपण मांसच खाणार नाही असे संत पौलाने करिंथकरांस लिहिले आहे. आम्ही आपणांस एवढे सांगत नाही. एकादशीच्या दिवशी शेजारच्या दारापुढे धूर जाईल असे मांस भाजू नये, एवढेच सांगतो. त्यात भीती नाही, शेजारधर्म आहे. तसेच आपल्या मातेने ख्रिस्तसभेने जे दिवस नेमले आहेत, राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार, त्या दिवशी चौदा वर्षांवरील प्रत्येकाने मांस वर्ज्य करावयाचे आहे, आणि वर्षातील इतर शुक्रवारही प्रायश्चित्ताचे आहेत. ज्यास वर्ज्य करता येते त्यासच सणाची गोडी कळते. रोजच मेजवानी असेल तर मेजवानी उरत नाही.

अब्राहामाने मम्रेच्या झाडांखाली तीन पाहुण्यांस कोवळे वासरू शिजवून वाढले; उधळ्या पुत्राच्या बापाने मुलगा परत आला म्हणून मेजवानी केली; आणि पुनरुत्थानानंतर आपल्या प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर स्वतः निखारे पेटवून शिष्यांसाठी मासे भाजून ठेविले व ‘या, जेवा’ असे बोलाविले. ज्या प्रभूने आपल्या दमलेल्या माणसांसाठी स्वयंपाक केला त्याच्या अनुयायांस चूल ही हलकी वस्तू वाटावयास नको. पुरुषांनो व तरुणांनो, आमचे हे बोलणे केवळ स्त्रियांसाठी आहे असे समजू नका. पुढल्या सणाला तवा तुम्ही चढवा.

शेवटी त्या माउलीविषयी. ईस्टरला तिचा मुलगा पुन्हा आला. तिने शनिवारी सकाळी मांडीचे दोन काप आणविले, मीठ लावून ठेविले, आणि रविवारी पहाटेच्या मिसाहून परतल्यावर माळ्यावरचा बिडाचा तवा मुलानेच खाली काढून घासला. भाजलेही त्यानेच, ती बाजूला बसून फक्त मिनिटे मोजीत होती. काप थोडासा चिवट झाला होता असे ती प्रामाणिकपणे सांगते. परंतु परातीतला पहिला वाटा तिच्या पानात पडला, आणि लग्न होऊन ह्या घरी आल्यापासून सणाच्या दिवशी सर्वांबरोबर बसून गरम जेवण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. परंतु नाताळानंतरचे अश्रू वेगळे होते आणि हे वेगळे.

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी वर्षात प्रत्येक घरी अशी एक पंगत बसो, तीत जिने रांधले ती आधी जेवो, आणि दारी कोणी भुकेला आला तर त्याच्यासाठीही परातीत एक वाटा शिल्लक असो, हीच आमची प्रभूचरणी प्रार्थना आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपणां सर्वांस व आपल्या घरच्या चुलीस आशीर्वाद देवो. आमेन.